त्या किनाऱ्यावर सूर्य बुडत नाही

आई, मी कॉलेज सोडलं. बाबांनी तुझ्या फोटोला सांगितलं असेलच. ते अजून सकाळी उदबत्ती लावता लावता तुला बातम्या देतात, शेजारच्यांनी कुंपण बदललं, बॉयलर परत बिघडला, मुलाने डिग्री अर्धवट टाकली. पण का टाकली ते त्यांनी सांगितलं नसेल, कारण त्यात त्यांचाही हात आहे. म्हणून मी लिहितोय. मराठीत लिहितोय, कारण तुझ्याशी इंग्रजीत भांडता येत नाही. तू असताना मी इंग्रजीत चिडलो की तू चष्म्यावरून बघायचीस आणि म्हणायचीस, आता हेच मराठीत म्हण बघू. शब्द शोधता शोधता माझा राग निम्मा व्हायचा. आज होणार नाही. आज सगळे शब्द तयार आहेत, गेले कित्येक महिने दुसरं काही जमवलेलंच नाही मी.

शनिवारची सकाळ आठव. वॉटफर्डचं आपलं किचन, टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरलेलं, त्यावर जाड काचेची प्लेट, प्लेटवर चिमूटभर करडी पूड आणि चार थेंब पाणी. बाबा भाजी आणायला गेलेले आहेत. मी खुर्चीवर गुडघे टेकून उभा आहे, कारण बसलो तर माझी हनुवटीच टेबलाला लागते. तू कापडी पिशवीची नाडी सोडतेस आणि तळहातावर जे ओततेस ते मला डाळीसारखं दिसतं, काही दाणे मसुराएवढे, काही पाच पेन्सच्या नाण्याएवढे चपटे. अँटिगा नावाच्या बेटावरच्या चुनखडीतून निघालेले जीवाश्म. एका पेशीच्या समुद्री प्राण्याची घरं. तू त्यांना फोरॅम म्हणायचीस, मी मसूर म्हणायचो, आणि तुझ्या पीएचडीच्या सरांचा फोन आला की तूसुद्धा चुकून एखादे वेळी मसूर म्हणून जायचीस.

बाहेरून सगळे सारखेच. कोण कुठल्या जातीचा, किती जुना, हे कळायला त्याला बरोबर मधोमध उघडावं लागतं, कारण तो प्राणी आयुष्यात सर्वांत आधी जे कप्पे बांधतो ते मध्यभागी असतात आणि त्यांच्यावरूनच त्याची ओळख पटते. त्याचं बाळपण आत असतं, बाकीचं सगळं त्याने नंतर भोवती बांधलेलं, असं तू सांगायचीस. तिथे सुरी चालत नाही. दाणा राळेने काचपट्टीवर चिकटवायचा आणि प्लेटवर ओल्या पुडीत हलक्या हाताने गोल गोल फिरवायचा, सहाणेवर चंदन उगाळतात तसा. दोन फेऱ्या, धुवायचा, भिंगातून बघायचा. परत दोन फेऱ्या. केसभर अलीकडे थांबलं तर काही दिसत नाही. केसभर पलीकडे गेलं तर ते बाळपणच पुसून जातं आणि पट्टीवर राहते नुसती पांढरी चकती. एकदा तू फोन घ्यायला हॉलमध्ये गेलीस आणि मला म्हणालीस, हात लावू नकोस. मी लावला. तू परत आलीस तेव्हा पट्टीवर चकतीसुद्धा उरली नव्हती. मारशील असं वाटलं होतं. तू भिंग डोळ्याला लावलंस, खाली ठेवलंस आणि म्हणालीस, "हा अडीच कोटी वर्षं टिकला होता रे. तुला दोन मिनिटं दम धरवला नाही." आई, त्या वाक्यापेक्षा चापट परवडली असती. पुढच्या शनिवारी तू तुझं स्वतःचं भिंग माझ्या गळ्यात अडकवलंस. पट्टा इतका लांब होता की ते माझ्या पोटावर आपटायचं.

आणि मला दम धरता यावा म्हणून तू गोष्टी सांगायला लागलीस. गोष्ट चालू असली की माझा हात आपोआप हळू व्हायचा, हे तुझ्या लक्षात आलं होतं. ते बेट म्हणजे आधी ज्वालामुखी. तो विझला, त्याचा एक भाग हळूहळू पाण्यात उतरला आणि त्यावर उथळ, स्वच्छ, उन्हाने तळापर्यंत उजळलेला समुद्र आला. त्यात प्रवाळ वाढले, हे मसूर वाढले, मेले, साचले, त्यांचाच दगड झाला. मग तो समुद्राबाहेर आला आणि एके दिवशी तू हातोडी घेऊन त्यावर उभी राहिलीस. कसल्या काटेरी झुडपांतून वाट काढायचात तुम्ही, दगड किती तापायचा, पांढऱ्या कड्यावर डोळे कसे दिपायचे. अर्धचंद्रासारखी एक खाडी होती, तिचं नाव तू असं घ्यायचीस जसं कोणी आपल्या आळीचं नाव घेतं. तिथे एक लंगडा म्हातारा हातगाडीवर अननस विकायचा, बोलताना त्याचा एक डोळा मिटायचा, आणि तू त्याची नक्कल करून दाखवायचीस. संध्याकाळी काम संपलं की तुम्ही सगळे हातोड्या वाळूत टेकवून बसायचात आणि सूर्य तांब्याच्या परातीसारखा समुद्रात उतरायचा. तो पाण्याला टेकला की तू म्हणे मनात एक ते दहा मोजायचीस. मी विचारायचो, मी कधी बघणार? "मोठा हो," तू म्हणायचीस, "मग जाऊ दोघं. मी कुठे बसायचे ती नेमकी जागा दाखवते तुला."

मी इयर एटला, बारा वर्षांचा होतो तेव्हा तू गेलीस. सगळ्या पिशव्या बाबांनी तुझ्या सरांकडे परत पाठवल्या. भिंग माझ्याकडे राहिलं आणि ती जागा राहिली. लोक तुझ्याबद्दल फार हळू आवाजात बोलायचे, किती सोशिक होती, किती शांत होती, आणि मला वाटायचं, काय माहीत आहे यांना, माझी आई हातोडी घेऊन उन्हात कडे चढायची. शाळेत कोणी म्हटलं की तुझी मम काय करायची, तर मी हे सांगायचो. त्या एका चित्रावर मी मोठा झालो. त्याच्याच जोरावर नॉटिंगहॅमला जिऑलॉजीला गेलो. बाबांना मी कॉम्प्युटर्स करायला हवा होतो. आमची त्यावरून जी भांडणं झाली त्यात मी दर वेळी तुलाच पुढे केलं, आणि दर वेळी बाबा गप्प बसले. मला वाटायचं, मी जिंकलो.

तिथे ती भेटली. प्रॅक्टिकलला दोघांत एक मायक्रोस्कोप असायचा, तिचं आणि माझं टेबल एक. ती बर्मिंगहॅमची. पहिल्याच आठवड्यात बोलता बोलता ती म्हणाली, माझी आजी मूळची अँटिगाची, लहानपणी आम्ही दोन-तीन उन्हाळ्याआड तिकडे जायचो. आई, माझ्या डोक्यात सरळ लग्नाचा हॉल उभा राहिला. अख्ख्या इंग्लंडात हीच मुलगी माझ्या टेबलावर यावी. मी तिला तिथल्या तिथे सगळं सांगितलं, तू, खाडी, म्हातारा, परातीसारखा सूर्य, सगळं. ती ऐकत राहिली. तिने हनुवटी मुठीवर टेकली होती आणि ती माझ्याकडे अशी बघत होती की मला वाटलं, हे प्रेमच आहे. दुसरं काय असणार? पुढे पूर्ण हिवाळा मी तिला ती गोष्ट परत परत सांगितली, बसस्टॉपवर, कपडे धुवायच्या लाँड्रेटमध्ये, फील्ड ट्रिपच्या बसमध्ये, दर वेळी थोडी वाढवून, आणि तिने एकदाही थांबवलं नाही.

दुसऱ्या वर्षी, वसंतात, तिने मला आजीकडे जेवायला नेलं. रविवार होता, आजी चर्चहून आलेली, हॅट अजून डोक्यावर. किचन लहान आणि वाफेने भरलेलं. तिने मक्याच्या पिठाची भेंडी घातलेली उकड केली होती, ते लोक तिला फुंजी म्हणतात, वाडग्यात गोल गोल फिरवून तिचा गोळा करतात. मी म्हटलं, माझी आई असलंच काहीतरी तांदळाच्या पिठाचं करायची. आजी खूश झाली. माझी आई तुमच्या बेटावर काम करून गेलीय, हे तिच्या नातीने आधीच सांगितलं होतं. कुठे, तिने विचारलं. मी खाडीचं नाव घेतलं. तिने टाळीच वाजवली, तिचं गाव तिथून चालत जाण्याइतकं होतं. आणि मग मी, तुझा मुलगा, तिच्या टेबलावर बसून तिलाच तिचा समुद्र सांगायला लागलो. परातीसारखा सूर्य पाण्यात उतरतो इथपर्यंत आलो तेव्हा आजी हसली. थट्टेचं नव्हतं ते हसू, पोराचं पाऊल चुकलं की मोठी माणसं हसतात तसं होतं.

"डार्लिंग, त्या किनाऱ्यावर सूर्य बुडत नाही," ती म्हणाली. "तिथे तो उगवतो. आम्ही पोरं अंधारात उठून बघायला जायचो."

मी म्हटलं, नाही, माझी आई रोज बघायची. मग ती पश्चिमेच्या किनाऱ्यावर जात असेल काम झाल्यावर, आजी म्हणाली, तिकडे दिसतो. मी म्हटलं, नाही, तिथेच, हातोड्या वाळूत टेकवून. माझा आवाज चढला होता. आजीने क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि मोठा चमचा उचलला. मग तसंच असेल, ती म्हणाली, तू अजून थोडं घे. मी दुसऱ्या वर्षाचा जिऑलॉजीचा विद्यार्थी. त्या बेटाचा नकाशा माझ्या खोलीत पलंगासमोर लावलेला, ज्वालामुखीचा भाग नैर्ऋत्येला, चुनखडी ईशान्येला, ती खाडी पार पूर्वेच्या काठावर, समोर नुसता अटलांटिक. रोज बघत होतो मी तो. एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही की पूर्वेकडे तोंड करून बसलेल्या बाईच्या पाठीमागे मावळतीचा सूर्य असणार. मी मान वळवून आजीच्या नातीकडे बघितलं. ती ताटात बघत होती. तिला धक्का बसलेला नव्हता, आई. तिला आधीच माहीत होतं.

बाहेर फुटपाथवर मी विचारलं, कधीपासून? पहिल्या दिवसापासून, ती म्हणाली. आणि बोलली नाहीस? "तू ते सांगताना किती खूश दिसायचास," ती म्हणाली, "आणि ती तुझी गेलेली आई. मी काय म्हणणार होते, तिची दिशा चुकली?" मी तिला जे बोललो ते इथे लिहीत नाही. समोरून बस आली आणि मी त्या बसमध्ये चढलो, ती कुठे जाते तेसुद्धा न बघता.

तसाच ट्रेनने घरी आलो. बाबा आठवड्याच्या शर्टांना इस्त्री करत होते. मी कोट न काढता विचारलं, आई अँटिगाला किती वेळा गेली होती? त्यांनी बाही पूर्ण केली, कॉलर पूर्ण केली, इस्त्री उभी ठेवली. "नाही रे गेली ती," ते म्हणाले, "एकदाही नाही."

पीएचडीच्या पहिल्या वर्षी तुझा पासपोर्ट व्हिसा वाढवायला गेलेला होता, तो वेळेत आला नाही. ते मी समजू शकतो, ते सगळ्यांचंच होतं. दुसऱ्या वर्षी पासपोर्ट हातात होता. बाबा म्हणाले, तू उन्हाची टोपी आणि चांगले बूटसुद्धा घेऊन ठेवले होतेस. आणि तुझ्या सरांनी दुसऱ्या एका मुलाला नेलं. तुला म्हणाले, तुझ्यासारखा हात अख्ख्या डिपार्टमेंटमध्ये कोणाचा नाही, तुला उन्हात हातोडी मारायला पाठवणं म्हणजे वाया घालवणं आहे, आम्ही आणतो, तू काप. त्यानंतर तू कधी विचारलंच नाहीस. डॉक्टरेट झाली, नोकरी लागली, मी झालो, तरी पिशव्या येत राहिल्या आणि तू आपल्या किचनमध्ये त्यांचे मसूर उगाळत राहिलीस. मी विचारलं, त्या दिवशी घरी आल्यावर काय म्हणाली ती? बाबा आठवून म्हणाले, खूश होती. सरांनी केवढं कौतुक केलं म्हणून शिरा केला होता.

आणि तो सूर्य, मी विचारलं. तेव्हा बाबा हसले, मला अजून राग येतो त्या हसण्याचा, इतकं मायेचं होतं ते. म्हणाले, "अरे, तुझी आई गुहागरची. आपल्याकडे समुद्र म्हणजे पश्चिमच. तिने आयुष्यात सूर्य समुद्रातच बुडताना बघितला, तो दुसरीकडे वेगळा वागत असेल असं तिला सुचलंच नसणार." मग मला सगळंच कळत गेलं. तो लंगडा म्हातारा गुहागरचा. तो अननस नाही, शहाळी विकायचा, बाबा लग्नाआधी तुझ्याबरोबर त्याच्याकडे शहाळं प्यायलेत, त्यांनीही मला त्याची नक्कल करून दाखवली, तोच डोळा मिटून. तुझ्याकडे आलेल्या प्रत्येक मोठ्या दगडावर मार्करने काढलेला बाण असायचा, दगडाची वरची बाजू कुठली ते सांगणारा. त्यामुळे वर-खाली तुला कायम बरोबर माहीत होतं. समुद्र कुठल्या बाजूला आहे हे दगडावर कोणी लिहीत नाही. अडीच कोटी वर्षांपूर्वीच्या त्या पाण्याबद्दल तू मला एक अक्षर खोटं सांगितलं नाहीस, किती खोल, किती स्वच्छ, ऊन कुठवर पोचायचं. खोटं सांगितलंस ते फक्त आजच्याबद्दल आणि तुझ्याबद्दल.

मी बाबांना विचारलं, तुम्ही मला कधीच का सांगितलं नाही? तुम्ही माझ्याशी भांडत होतात तेव्हा एका वाक्यात जिंकला असता. ते म्हणाले, तेवढ्यासाठी तिला हरवायचं? हे ऐकायला फार मोठं वाटतं, आई, पण मी तेव्हा तिथे कोट घालून उभा होतो, आणि मला एवढंच दिसत होतं की माझ्या आयुष्यातल्या तीन माणसांना, तुला, त्यांना आणि तिला, खरं माहीत होतं आणि तिघांनी माझ्या तोंडाकडे बघून ठरवलं की याला झेपणार नाही.

आता तुला जे सांगायचंय ते हे. मला तू तिथे गेली नव्हतीस याचं काही नाही. तू किचनमधली असतीस तरी मला चालली असतीस. पण तुझ्यावर अन्याय झाला आणि तू शिरा केलास. तुझ्याकडून ते बेट काढून घेतलं आणि तू आनंदाने त्यांचे दगड घासलेस, आणि तो राग जो तुझ्याजवळ असायला हवा होता तो तू कुठेतरी ठेवून दिलास, आणि मला दिलीस ती गोष्ट. मला गोष्ट नको होती. मला तुझा राग चालला असता. लोक मला विचारतात हा असा तापट कोणावर गेला, बाबा तर गरीब गाय, आई शांत. मला जन्मभर वाटत आलंय की घरात मी एकटाच असा आहे. एक दिवस, एका शनिवारी, तू ती प्लेट बाजूला सारून म्हणाली असतीस की माझी फसवणूक झाली रे, तर मला माझं माणूस मिळालं असतं. आणि गुहागर? ते तरी त्याच्या नावाने द्यायचंस. तिकडे आपलं कोणी उरलं नाही म्हणून आपण कधी गेलो नाही, तू नावसुद्धा घ्यायची नाहीस, आणि त्याच वेळी ते सगळंच्या सगळं दुसऱ्याच बेटाच्या नावावर मला विकत होतीस. दोन्ही किनारे गेले माझे. एक होता तो कळला नाही, दुसरा कळला तो नव्हता.

सोमवारी प्रॅक्टिकलला ट्रेमध्ये नेमकी चुनखडीची स्लाइड आली, स्पेनमधल्या कुठल्यातरी खाणीतली. मी मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि आत ते कप्पे दिसले, कोणीतरी अगदी वेळेवर थांबून उघडलेले. कोणाचा तरी चांगला हात. मी उठलो, बॅग घेतली आणि बाहेर आलो. ती मागून कॉरिडॉरमध्ये आली. मी तिला म्हणालो की तू पण त्यांच्यातलीच. ती रडली वगैरे नाही, ती तशी नाहीच. "तुझ्या आईवरचा राग तू माझ्यावर काढतोयस," ती म्हणाली. "तो संपला की बोल. त्याआधी नको." मी परीक्षेला बसलो नाही. समरमध्ये बाबांनी खूप समजावलं, आईला काय वाटलं असतं म्हणाले. मी म्हटलं, ते सांगायला तिच्यासारखी गोष्ट रचता यायला हवी, मला येत नाही. ते ताटावरून उठून गेले.

आता मी वॉटफर्डच्या कडेला एका वर्कशॉपमध्ये लोकांच्या किचनचे दगडी वर्कटॉप, म्हणजे ओटे, कापतो. पाण्याची करवत, कानाला मफ्स, तोंडावर मास्क, पायात गमबूट. सिंकसाठी भोक पाडायचं, कडा गुळगुळीत करायच्या. फोरमन म्हणतो, तुझा हात चांगला आहे. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा मी त्याच्या अंगावर जवळजवळ धावून गेलो, बिचाऱ्याला कळेना काय झालं. हे पत्र मी जेवणाच्या सुट्टीत व्हॅनमध्ये बसून लिहितोय, खिडकीला आतून धुळीचा थर आहे. बाबांसारखं हे तुझ्या फोटोपुढे वाचून दाखवणार नाही. फोटोत तू हसतेयस, आणि हसणाऱ्या माणसाला असलं काही ऐकवता येत नाही.

ती सध्या तिथे, अँटिगाला आहे. शेवटच्या वर्षाचं फील्डवर्क, त्याच चुनखडीवर, त्याच बाजूला. मला हे तिसऱ्याच कोणाकडून कळलं. आई, मला ती दिवसातून इतक्यांदा आठवते की करवतीजवळ ते धोक्याचं आहे. मी तिला लिहिलं की सांभाळून राहा, दगड तापतात. मूर्खासारखं. पूर्ण एक दिवस काही नाही. मग काल सकाळी तिचा मेसेज आला. फोटो नाही, समुद्र नाही, काही नाही. फक्त एवढंच, की संपला का?

मी व्हॅनच्या पायरीवर बसलो होतो. हातमोजे काढले आणि लिहिलं, हो, संपला, केव्हाच. तिचं उत्तर लगेच आलं, लांबलचक, घाईत लिहिलेलं, स्पेलिंगच्या चुकांनी भरलेलं, की तिला किती बरं वाटलं, की ती वाटच बघत होती, की महिनाअखेरीला परत आली की मी तिला घ्यायला यावं. मी जाणार आहे.

संपलेला नाही, आई. वर एवढं लिहिलंय ते बघ. मी तिच्याशी खोटं बोललो, आणि ती खूश झाली, आणि मला ते अजिबात जड गेलं नाही.